रिस्टोअर न केलेली जुनी गाडी पहिल्यांदाच प्रदर्शनात न्यायची आहे: काय करावं, काय करू नये?

बॉनेटवाला (धागाकर्ता)
गाडी १९६४ ची फियाट ११००डी. रंग कारखान्यातलाच असावा. छत आणि बॉनेटवर विटलाय, डावं पुढचं मडगार्ड मात्र जरा गडद दिसतं. क्रोमवर तांबूस टिपके आहेत, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवली आहे. इंजिन चालू आहे, पण गाडी बरीच वर्षं लांब गेलेली नाही. प्रदर्शन पाच आठवड्यांवर आलंय.

दोन मतं कानावर येतात. एक, बॉनेट आणि छत रंगवून घ्या, नाहीतर चकाचक गाड्यांच्या रांगेत ही भंगारातून आणल्यासारखी दिसेल. दुसरं, कशालाही हात लावू नका. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण हात लावायचा नाही म्हणजे नेमकं काय? धुवायचं की नाही? पॉलिश? गंजाचं काय? आणि आधी काय, नंतर काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पॉइंट_कंडेन्सर
रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी ब्रेक.

तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच आहे. एक होज (ऑइलची रबरी नळी) फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगतो. मग पेडल दाबल्यावर ऑइल चाकाकडे जातं आणि परत यायला वाट उरत नाही, चाक धरून राहतं. तपासायचं असेल तर चार-पाच किलोमीटर चालवा, थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात धरून पाहा. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्या चाकाचा होज, व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा) किंवा अडकलेला शू (ड्रमच्या आत घासणारी पट्टी) यांपैकी काहीतरी बिघडलंय. सगळे होज एकदम बदला. व्हील सिलिंडरची रबरं उघडून पाहा, ड्रमच्या आत ओल दिसली तर किट बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून जुनं सगळं काढून नवीन भरा. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

मग पेट्रोल. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत असेल तर ते काढून टाका. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी गंजाचा गाळ बसलेला असतो, तो रस्त्यावरच्या हिसक्यांनी उठतो आणि नेमका वाटेत कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, अडकतो. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनी रबरी नळी मऊ पडते, तीही बदला.

चॉकवेज
+१. आणि टायर. बाजूच्या भिंतीवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर गाडी रस्त्यावर काढूच नका. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांपुढचा टायर प्रवासाला नको. मूळ टायर जपून ठेवलेले असतील तर ते गाडीजवळ मांडून ठेवा, प्रवास दुसऱ्यांवर करा.

रंगरंगोटी
माझं मत वेगळं आहे. प्रदर्शनाला लोक गाड्या बघायला येतात. बॉनेट विटलेलं असेल तर मशीनवर कंपाउंड (रंग घासून चमकवणारी पेस्ट) मारून चमक आणायला काय हरकत आहे? रंगवा असं म्हणत नाही, पण बफिंग करायलाच हवं.

मेणकापड
रंगरंगोटी, हरकत मोठी आहे. साठच्या दशकातला रंग एकाच थराचा, त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही. विटलेला भाग म्हणजे त्याच थराचा वरचा, कोरडा पडलेला भाग. मशीन आणि कंपाउंडने तो खरवडला की खालचा ताजा रंग दिसतो, चमक येते. पण थर मुळातच पातळ असतो, त्यात आधीच्या मालकांनी किती वेळा पॉलिश केलंय कोणास ठाऊक. बॉनेटच्या कडा, मधली उभी घडी, हँडलच्या भोवती, अशा जागी मशीनचं पॅड दोन सेकंद जास्त टेकलं की खालचा प्रायमर उघडा पडतो. तो परत झाकता येत नाही.

बॉनेटवाला, आधी रंगाची जाडी मोजा. चुंबकीय गेज मिळतं, लोखंडी पत्र्यावर चालतं. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेलं की वरून दुसरा हात बसलाय असं समजा. ५०० च्या पुढे आकडा पळाला तर खाली पुट्टी आहे. प्रत्येक पॅनेलवर सहा-सात जागी मोजा आणि कागदावर गाडीचं चित्र काढून त्यात आकडे लिहा. हा कागद पुढे फार कामाला येतो.

मग कोरडेपणावर उपाय. आधी दाराच्या चौकटीत, दिसणार नाही अशा जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं सौम्य पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकच आहे. अशा रंगाला न घासणारं, तेलकट ग्लेझ लागतं. हाताने जाडसर लावायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी मऊ फडक्याने पुसायचं. असं दोन-तीनदा. रंग तेल पितो आणि गडद होतो, जातं फारसं काही नाही. वरून बिनरंगी पेस्ट मेण. पांढरं मेण वापरू नका. जुन्या रंगाला जाळीदार तडे असतील तर ते त्यांत वाळतं आणि सगळं बॉनेट पांढऱ्या रेघांनी भरतं. सिलिकॉनचं काही लावू नका, पुढे कधी एखादी जागा रंगवावी लागली तर रंग त्यावर नीट धरत नाही, वर्तुळं पडतात.

सोनचाफा
मेणकापडताई, वाचनखूण साठवली. धुण्याबद्दलही लिहा ना.

मेणकापड
प्रेशर वॉशर नको. काचांभोवतीची रबरं आकसलेली असतात, पाणी थेट आत जातं. सुटत आलेला रंग फवाऱ्याने पापुद्र्यासारखा निघतो. दोन बादल्या घ्या, एकीत सौम्य शाम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खळबळायला नुसतं पाणी. वरून खाली या. दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) तळाशी पाणी निघायची छिद्रं असतात, ती धुण्याआधी प्लॅस्टिकच्या मऊ तारेने मोकळी करा. तीच बुजली की दारं तळातून कुजतात. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून ब्रेक दोन-चारदा दाबा, म्हणजे ड्रम कोरडे होतील. ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवलं तर सकाळी शू चिकटलेले सापडतात.

धुताना एक पथ्य पाळा. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), डिकीच्या आत, चासीवर खडूच्या किंवा मेणखडूच्या खुणा दिसल्या तर तिथे फडकं लावू नका. कारखान्यातल्या तपासनिसांच्या असतात त्या. डिग्रीझर फवारला की एका मिनिटात साफ, आणि त्या पुन्हा कुणालाही काढता येत नाहीत.

रंगरंगोटी
पटलं. बफिंगची सूचना मागे घेतो. पण गंजाचं काय? उघड्या पत्र्यावर क्लिअर लॅकर मारून टाकलं तर गंज थांबेल आणि जुनं रूपही राहील.

लोखंडी_कांडी
थांबणार नाही. गंजाच्या पोटात ओल आणि क्षार असतात. वरून लॅकर मारलं की ते आत कोंडतात आणि गंज थराखाली सरकत राहतो. वर्ष-दोन वर्षांत लॅकर पिवळट पडून फुगतं, मग ते काढायला जाल तर आजूबाजूचा चांगला रंगही निघतो. बरेच जण उकळलेलं जवस तेल सुचवतात. ते चिकट राहतं, धूळ पकडतं, पिवळं होतं आणि वाळल्यावर सहज निघत नाही.

कसोटी एकच ठेवा: उद्या निर्णय बदलला तर हे काढून टाकता येईल का? मायक्रोक्रिस्टलाइन मेण पांढऱ्या स्पिरिटने निघतं, ते चालेल. पोकळ जागांत, सिलच्या आत, दारांच्या तळात लॅनोलिनचं तेल मारा, तेही चालेल. सुटे पापुद्रे मऊ ब्रशने झाडा, सँडपेपर नको. एक अपवाद: गंज भार पेलणाऱ्या भागात असेल, म्हणजे जॅक लावायची जागा, स्प्रिंगचं बूड, सीटबेल्ट किंवा स्टिअरिंग बॉक्स बसवलेली जागा, तर जतनाचा विचार बाजूला ठेवून वेल्डिंग करा. पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर पत्रा संपत आलाय.

सोनचाफा
आणि क्रोमचे टिपके?

लोखंडी_कांडी
स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. चुरगळून बोळा करा, पाण्यात बुडवा आणि अगदी हलक्या हाताने फिरवा. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्याखाली निकेल. टिपके दिसतात ते निकेलच्या छिद्रांतून वर आलेल्या खालच्या पोलादाचा गंज आहे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. चार शून्यांचं (००००, म्हणजे अगदी बारीक) स्टीलवूल तेलात बुडवून वापरणारेही आहेत, पण उठलेल्या क्रोमवर मी ते सुचवणार नाही. नंतर पुसून कोरडं करा आणि लगेच मेण लावा. मेण विसरलात तर टिपके परत येतील.

डायनॅमो_१२
सगळे गाडी उभी कशी दिसेल ते सांगताहेत, मी ती फाटकातून आत कशी शिरेल ते सांगतो. प्रदर्शनाच्या दारात रांग लागते. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. जुन्या गाडीला सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो.

एक, तुमच्याकडे बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे, अल्टरनेटर नाही. आयडलवर डायनॅमो जवळजवळ काही चार्ज करत नाही. रांगेत हेडलाइट आणि वायपर चालू ठेवले तर बॅटरी उतरते आणि सेल्फ फिरत नाही. दोन, फॅन इंजिनवर चालतो. आयडलला तो सावकाश फिरतो आणि बाहेरून हवा नाही, म्हणून तापमान चढतं. गाडीत हीटर असेल तर पूर्ण उघडा, काचा खाली करा. रेडिएटरमधली थोडी उष्णता तिथून निघते. फॅनबेल्ट आधीच तपासा, दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर आत जायला हवा.

तीन, व्हेपर लॉक. गरम इंजिन बंद केलं की पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता वाढतच जाते. इंजिनच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवा. पंपाला काचेची वाटी असेल तर थंड पाणी ओतू नका, काच तडकते. फडकंच ठेवा. सुरू करताना ॲक्सिलरेटर पंप करत बसू नका. कार्ब्युरेटर आधीच ओलाचिंब असतो. पेडल पूर्ण दाबून स्थिर धरा आणि सेल्फ मारा.

गॅलरीतला
सोबत जंप केबल ठेवावी, शेजारची गाडी मदतीला येतेच.

डायनॅमो_१२
ठेवा, पण आधी अर्थ बघा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलंय ते. फियाटला निगेटिव्ह अर्थ आहे. शेजारी जुनी ब्रिटिश गाडी असेल तर पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो, एमजीबीला १९६७ पर्यंत तोच होता. अशा दोन गाड्यांची धातूची अंगं एकमेकांना टेकलेली असताना केबल जोडली तर शॉर्ट होतो. गाड्या टेकू देऊ नका आणि केबल बॅटरीच्या खुणा बघून जोडा, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. गाडीच्या अंगाला चिमटा लावायची सवय इथे नको.

चॉकवेज
ट्रेलरवर नेणार असाल तर दोन गोष्टी. पट्टे चाकांवरून टाका, म्हणजे टायर ट्रेलरला बांधला जातो आणि गाडी स्वतःच्या स्प्रिंगवर हलत राहते. ॲक्सलला बांधायची वेळ आली तर पट्ट्याखाली ब्रेकची नळी दबत नाही ना, हे वाकून बघा. पहिला गिअर, हँडब्रेक, चाकांना खुंट्या. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणा, पहिल्या काही किलोमीटरमध्ये ते सैल होतातच.

दुसरं, उघड्या ट्रेलरवर गाडीला कव्हर घालू नका. वाऱ्याने कव्हर फडफडतं, त्याखाली धूळ असते आणि सगळा प्रवासभर ते रंगावर सँडपेपरसारखं घासत राहतं. कोपऱ्यांवर तर पत्रा दिसेपर्यंत रंग गेलेला असतो. पोहोचल्यावरही कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही. आधी फवारा मारून ओली करा, मग मायक्रोफायबरने एकाच दिशेने उचला.

बॉनेटवाला
खूप आभार. मेणकापडताई, गेजने मोजलं. छत १०५ ते १२०, बॉनेट ८५ ते ११०, दारं आणि मागची मडगार्डं १०० ते १३०. डावं पुढचं मडगार्ड २८० ते ३४०. म्हणजे ते रंगवलेलं आहे. मग ही गाडी 'अनरिस्टोअर्ड' (मूळ रूपात जतन केलेल्या गाड्यांच्या) वर्गात बसते का? की साध्या वर्गात नाव नोंदवू?

गॅलरीतला
एक मडगार्ड रंगवलं म्हणून गाडी रिस्टोअर्ड होत नाही. पुष्कळशा प्रदर्शनांत जतन-वर्गासाठी गाडीचा मोठा भाग मूळ असावा अशी अट असते, टक्केवारी आयोजकांगणिक बदलते. नियमपत्रक मागवून घ्या. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा १९६६ पासून काम करते. तिच्या ट्यूरिन चार्टरमध्येही जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापन या वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. गाडी वापरात असताना झालेली दुरुस्ती हाही तिच्या इतिहासाचाच भाग असतो.

आणि भंगारासारखी दिसेल ही भीती सोडा. २०२४ साली अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनात सर्वोत्तम गाडीचा मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. ती जतन-वर्गातली गाडी होती, त्या वर्गातल्या गाडीला तिथे तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मेणकापड
आकडे छान आहेत. छताचे १०५ ते १२० आणि बॉनेटचे ८५ ते ११० हा फरकही बोलका आहे, बॉनेटवर जास्त पॉलिश झालेलं दिसतंय. तिथे ग्लेझशिवाय काही नको.

परीक्षक खरा जुनेपणा कसा ओळखतात तेही सांगते. रंग झिजायची कारणं ठरलेली असतात: ऊन छतावर आणि बॉनेटवर, कोपर ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेवर, नखं हँडलमागे, पेट्रोल झाकणाखाली. रबर बीडिंगच्या खाली मात्र रंग ताजाच राहतो. बीडिंगचं टोक हळूच उचललं तर पहिल्या दिवसाचा रंग दिसतो. मुद्दाम घासून जुनी केलेली गाडी तिथेच पकडली जाते, कारण झीज भलत्या जागी असते. परीक्षक काचांवरच्या खुणा, वायरींची कापडी वेटोळी, होजच्या क्लिप, बोल्टच्या डोक्यावरचा रंग, इंजिन आणि चासी नंबर हेही बघतात. टायर, बॅटरी, बेल्ट, होज, प्लग बदलले म्हणून सहसा कुणी गुण कापत नाही, त्या झिजून जायच्याच वस्तू. फक्त होज बदलताना जुन्या क्लिप परत लावा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा, काढण्याआधी फोटो घ्या.

सोनचाफा
सीटच्या शिवणीचं विसरलात सगळे!

मेणकापड
बरोबर. जुन्या शिवणीचा दोरा सुती, उन्हाने कुजलेला असतो. कापड शाबूत असतं आणि दोरा बसल्या बसल्या तुटतो. पूर्ण सीट नव्याने मढवू नका. जुन्याच भोकांतून वाकड्या सुईने हाताने शिवा, नवीन भोकं पाडली तर व्हिनाइल तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. प्रवासात सीटवर जाड सुती चादर घाला. आतून साफ करताना व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा, म्हणजे सुटलेली बटणं आणि छताच्या अस्तराचे तुकडे आत ओढले जाणार नाहीत.

पॉइंट_कंडेन्सर
अग्निशामक हाताशी ठेवा, बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय आत सोडत नाहीत. पावडरचा चालतो, पण ती पावडर ओल लागली की धातू खाते आणि रंगालाही बाधते. क्लीन एजंटचा (मागे काही न उरणाऱ्या वायूचा) मिळाला तर उत्तम. इंजिनला आग दिसली तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका होतो. फटीतून मारा.

बंदिस्त सभागृहात प्रदर्शन असेल तर टाकी पावच भरलेली ठेवा आणि बॅटरीची तार काढा असे नियम असतात. पाव टाकीवर गाळ लवकर ओढला जातो, म्हणून मी वर फिल्टरबद्दल लिहिलं. सुटा फिल्टर सोबत ठेवाच. शिवाय इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅनबेल्ट, फ्यूज, होजच्या दोन क्लिप, पाच लिटर पाणी. उभी करताना इंजिनखाली ट्रे सरकवा. वाळक्या गवतावर गरम सायलेन्सर ठेवू नका.

गॅलरीतला
लोकांबद्दल थोडं. बघणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. नुकसान होतं ते पट्ट्याच्या बकलाने, गळ्यातल्या कॅमेऱ्याने आणि काचेतून वाकून बघताना टेकलेल्या पिशवीने. दारं बंद ठेवा, बॉनेट उघडं. मुलं आली तर त्यांना हॉर्न वाजवू द्या, पण तुम्ही शेजारी उभे राहून.

फलक गाडीला टेकवू नका, जमिनीवर स्टँडवर ठेवा. मूळ बिल, सर्व्हिस बुक असेल तर झेरॉक्स मांडा, मूळ कागद उन्हात पिवळे पडतात.

बॉनेटवाला
मग क्रम असा धरतो. पहिले दोन आठवडे ब्रेकचे होज, ऑइल, व्हील सिलिंडर, टायर. तिसऱ्यात पेट्रोलची नळी, फिल्टर, फॅनबेल्ट आणि तीस-चाळीस किलोमीटरची चाचणी. चौथ्यात धुणं, क्रोम, सीट. पाचव्यात ग्लेझ आणि मेण. बॉनेट रंगवत नाही, ठरलं. आता शेवटचं: फलकावर त्या मडगार्डबद्दल लिहायचं का?

मेणकापड
लिहायचं, आणि आकड्यांसकट. 'मूळ रंग ८५ ते १३० मायक्रॉन. डावं पुढचं मडगार्ड पूर्वी रंगवलेलं, २८० ते ३४०.' खाली बदललेल्या वस्तू: टायर, ब्रेकचे होज, पेट्रोलची नळी, फॅनबेल्ट, सीटचा दोरा. 'शंभर टक्के ओरिजिनल' असं लिहिलंत तर परीक्षक पहिला गेज त्या मडगार्डवरच लावेल आणि पुढच्या प्रत्येक दाव्याकडे संशयाने बघेल. आकड्यांचा कागद खिशात ठेवा, मागितला तर दाखवा.

पॉइंट_कंडेन्सर
क्रम बरोबर आहे. चाचणीचे चाळीस किलोमीटर एकदम करू नका. आधी दहा, घरी येऊन ड्रम हाताने बघा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, फिल्टरमध्ये गाळ किती आलाय ते बघा. मग उरलेले. आणि एक चाचणी दुपारी, गर्दीच्या रस्त्यावर घ्या, म्हणजे रांगेत तापमान कुठपर्यंत चढतं ते आधीच कळेल.